राजाचे स्मरण कोणत्या रीतीने करावे?

मनुष्य निवर्तला म्हणजे त्याच्या नावावर त्याची सत्ता उरत नाही. जिवंतपणी ज्याच्या एका आज्ञेने घोडदळ जागच्या जागी उभे राहत असे, त्यालाही मागाहून आपल्या नावाने कोणी काय करावे व काय करू नये हे सांगता येत नाही. ते नाव जिवंतांच्या हाती ठेवीसारखे येते. ती ठेव जपावी, उधळून टाकावी, की तिच्यावर आपलीच मोहोर उठवावी, हे सर्वस्वी जिवंतांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. म्हणून थोर पुरुषाचे स्मरण ही मेलेल्याची नव्हे, तर स्मरण करणाऱ्याची परीक्षा होय.

छत्रपती शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर निवर्तले. त्यास साडेतीनशे वर्षे होत आली. तथापि महाराष्ट्रात असे खेडे शोधूनही सापडणे कठीण की जेथे त्यांचे नाव ठाऊक नाही. त्यांची जयंती सरकारी रीतीने १९ फेब्रुवारीस होते, आणि तिथी मानणारे लोक ती फाल्गुन वद्य तृतीयेस करितात. चौकात तसबीर मांडतात, भगवे झेंडे लागतात, मिरवणूक निघते, आणि त्या आधी काही दिवस वर्गणी गोळा करणारे तरुण घरोघर फिरतात. ते ख्रिस्ती घराच्या दारातही येतात. मग आमच्या मंडळ्यांतील मुले आईबापांस विचारितात, आईबाप उपदेशकास विचारितात, आणि उपदेशक पाळकास विचारितो की, ह्या उत्सवात आपण कितपत भागी व्हावे? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटात दुसरा मोठा प्रश्न आहे. थोर पुरुषाचे खरे स्मरण म्हणजे काय? ह्याचा विचार आधी झाला, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप हाती येईल.

आज गावोगाव पुतळे पाहून कोणास वाटेल की, हा मान पहिल्यापासून अखंड चालत आला असेल. तसे झालेले नाही. महाराजांमागे नऊ वर्षांनी, १६८९ साली, रायगड मोगलांनी घेतला. पुढे तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला. गड ओसाड पडला आणि समाधीभोवती झाडझुडूप माजले. राज्ये बदलली, दफ्तरे विखुरली. परंतु रयतेच्या तोंडून ते नाव गेले नाही. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा महाराजांच्या हयातीतच रचला गेला होता. सभासदाने त्यांच्या चिरंजिवांच्या, म्हणजे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. शाहिरांनी व गोंधळ्यांनी ती आठवण डफावर आणि संबळावर जिवंत ठेविली. लोकांच्या स्मरणाची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. रायगडाच्या एका बुरुजास लोक हिरकणीचा बुरूज म्हणतात. दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्या लेकरासाठी एक गवळण रात्री तो कडा उतरून गेली, अशी ती कथा आहे. राजाच्या गडावर लोकांनी एका दूध विकणाऱ्या आईचे नाव कोरून ठेविले. ही केवळ लोककथा असली तरी रयतेस आपला राजा कसा हवा होता हे तिच्यातून दिसते.

पुढे शिकलेल्या लोकांनी ही आठवण हाती घेतली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला, व त्यात शेतकऱ्यांचा व शूद्रातिशूद्रांचा राजा उभा केला. १८९५ साली रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेविषयी पुण्यात सभा झाली आणि टिळकांनी केसरीतून वर्गणीची हाक दिली. १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. टिळकांस परक्या राज्याखाली दबलेल्या लोकांचे मन उभे करावयाचे होते. न्यायमूर्ति रानडे यांनी १९०० साली मराठ्यांच्या उदयाचा इतिहास लिहिला; त्यात त्यांनी एकट्या पुरुषाचे शौर्य न पाहता, संतांनी जागृत केलेल्या सर्व समाजाची हालचाल पाहिली. मग १९२८ साली पुण्यात करमरकरांनी घडविलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. स्वराज्य मिळाल्यावर १९६१ च्या २६ जानेवारीस मुंबईत समुद्राकाठी, गेटवेच्या समोर, दुसरा उभा राहिला. १९९६ साली मुंबईच्या मोठ्या रेल्वे स्थानकास त्यांचे नाव दिले गेले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत, आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे.

ह्या सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही की, प्रत्येक पिढीने आपापल्या गरजेचा राजा पाहिला. कोणी कुणब्याचा कैवारी पाहिला, कोणी राष्ट्राचा पुढारी, कोणी धर्माचा रक्षक. हे लोक लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. थोर पुरुष अनेक अंगांनी थोर असतो. डोंगर पूर्वेकडून पाहणाऱ्यास एक दिसतो व पश्चिमेकडून पाहणाऱ्यास दुसरा. परंतु येथेच एक भय आहे. डोंगर पाहता पाहता आपण कधी आरसा पाहू लागतो हे ध्यानात येत नाही. मग आपण ज्याला मुजरा करितो तो राजा नसून आपलाच अभिमान असतो.

ह्या भयापासून वाचण्याचा एक उपाय आहे. तो असा की, आम्हांस त्यांच्याविषयी काय वाटते हे बाजूस ठेवून, त्यांनी स्वतः काय लिहिले व काय केले हे पाहावे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे त्यांचे एक पत्र आजही उपलब्ध आहे. चिपळूणच्या बाजूस पावसाळ्यासाठी लष्कराचा तळ पडला होता, तेथील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस ते लिहिले आहे. त्याचा आशय असा: पावसाळ्यासाठी दाणा व गवत जमा केले आहे, ते बेताने वापरा. आता उधळाल तर पुढे मिळणार नाही व घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. असे झाले म्हणजे जे गरीब कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडून जातील, आणि तुम्ही त्यांस मोगलांहून वाईट वाटाल. करिता रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या. पुढे त्याच पत्रात गवताच्या गंजीची काळजी आहे. कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा जळत राहील आणि उंदीर पेटती वात घेऊन जाईल. तेवढ्याने सगळे गवत जळेल, असा इशारा आहे.

वाचकहो, ह्या पत्रावर थोडा वेळ थांबा. ज्याच्यासाठी सिंहासन घडत होते, तो पुरुष उंदराच्या तोंडातील वातीची चिंता करीत आहे! त्याला ठाऊक होते की, राज्य मोठ्या लढाईत जाते त्याहून अधिक वेळा ते शिपायाच्या एका हिसक्याने जाते. ज्याच्या हाती तरवार आहे त्याने भाजीचा देठ मागितला तर कुणबी नाही म्हणू शकत नाही. म्हणून मागावयाचेच नाही, असा तो न्याय आहे. आमच्या मते महाराजांची थोरवी जितकी तरवार उपसण्यात आहे, तितकीच ती उपसलेला हात आवरण्यात आहे.

दुसरे उदाहरण रांझे गावच्या पाटलाचे. १६४६ च्या सुमारास ह्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, म्हणून तरुण शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडविले. शिक्षा आजच्या मनास कठोर वाटेल, आणि तशीच शिक्षा आजही व्हावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती कोणास झाली हे पाहा. त्या काळी गावात पाटलाचा शब्द म्हणजे कायदा. दुबळ्याच्या चुकीबद्दल दुबळ्यास दंड करणारे राजे पुष्कळ झाले. आपल्याच कारभारातील बलवानास धरणारे थोडे.

तिसरी साक्ष शत्रूची आहे. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. त्याने महाराजांविषयी अपशब्द लिहिण्यात कसूर केली नाही. तरीही मशिदीस, कुराणास व स्त्रियांस उपद्रव देऊ नये असा त्यांचा सक्त नियम होता, हे त्यालाही लिहावे लागले. बर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेविले आहे की, १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली तेव्हा फादर अँब्रोज ह्या कापुचिन पाद्र्याचे घर महाराजांनी वाचविले, आणि दानधर्माबद्दल नावाजलेल्या एका मृत हिंदू दलालाचे घरही सोडून दिले.

परंतु सत्य सांगणाऱ्याने अर्धे सांगून थांबू नये. त्याच सुरतेत ज्यांची घरे वाचली नाहीत असे लोक पुष्कळ होते. त्यांची घरे जळाली, आणि लपविलेले धन काढण्यासाठी लोकांस छळही झाला. १६७० साली ते शहर पुन्हा लुटले गेले. त्या काळच्या युद्धाची रीतच तशी होती, मोगलांस खजिन्याचा धक्का देणे भाग होते, अशी कारणे इतिहासकार देतात, आणि ती खोटी नाहीत. तरी त्या घरांतील रडणेही इतिहासातच आहे. ज्याला आपल्या राजाविषयी प्रेम आहे त्याने हे वाचून रागावू नये. पवित्र शास्त्राने दावीद राजाचे गुण गाइले, तसा उरीयाचा घातही झाकला नाही. शास्त्रकर्त्यांस दाविदाचा द्वेष होता काय? मुळीच नव्हता. मनुष्यास मनुष्य म्हणून दाखविल्यावाचून त्यापासून मनुष्यास शिकता येत नाही, हे त्यांस ठाऊक होते.

ह्या लेखातील मुख्य गोष्ट येथेच आहे. आपण ज्याला मनुष्याहून मोठे करितो, त्याचे अनुकरण करण्यापासून आपली सुटका होते. तो देव, आम्ही माणसे. तो करू शकला, आम्ही कसे करणार? असे म्हटले की काम संपले. मग हार घालणे तेवढे उरते, आणि हार घालणे फार स्वस्त पडते. सिंधुदुर्गात राजाराम महाराजांनी आपल्या पित्याचे मंदिर उभारिले, ते आजही आहे. पुत्राच्या त्या भक्तीची आम्ही थट्टा करीत नाही. परंतु मोशेने रानात उंच केलेला पितळी साप पुढे लोकांनी धूप जाळून पूजावयास लाविला, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकिला, ही कथा आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. साप वाईट नव्हता. त्याच्या योगाने कित्येकांचे प्राण वाचले होते. परंतु उपकाराची खूण जेव्हा उपकाराचाच विसर पाडते, तेव्हा ती खूण अडथळा होते. आमच्या प्रभूनेही आपल्या काळच्या लोकांस हाच दोष लाविला की, ते भविष्यवाद्यांच्या कबरी शृंगारितात आणि भविष्यवाद्यांचे ऐकत मात्र नाहीत.

दगडधातूच्या स्मरणाची मर्यादा नुकतीच सर्वांच्या डोळ्यांपुढे आली. मालवणजवळ राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या मोठ्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिने पुरे होण्याआधी, तो कोसळला. पुढे त्या जागी नवा पुतळा उभारण्यात आला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु त्याच किनाऱ्यासमोर, खाऱ्या पाण्यात, सिंधुदुर्ग उभा आहे. त्याचे काम १६६४ साली सुरू झाले व १६६७ साली पुरे झाले. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्याच्या तटावर आदळून गेले. ज्याचे स्मरण करावयाचे, त्याची कामातील निष्ठा स्मारकाच्या कामात उतरली नाही तर ते स्मारक उभे असतानाच पडलेले असते. हे केवळ पुतळा घडविणाऱ्यांनीच नव्हे, तर पाटाची दुरुस्ती करणाऱ्याने, शाळेची भिंत बांधणाऱ्याने आणि उपासनामंदिराचे छप्पर घालणाऱ्यानेही मनात धरावे.

आता मालकीविषयी थोडे. हा राजा आमच्याच जातीचा, आमच्याच धर्माचा, तुमचा नव्हे, असे म्हणणारे भेटतात. त्यांस नम्रतेने एवढेच सांगावे की, ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक होण्यापूर्वी ह्याच राजाच्या क्षत्रियत्वाविषयी शंका काढण्यात आली होती, आणि काशीहून गागाभट्ट आल्यावर तो विधि झाला. ज्याने राज्य मिळविले त्यालाही जन्माचा दाखला द्यावा लागला! त्याच्या गडांच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग व बेरड रखवाली करीत. गलबतांवर कोळी व भंडारी होते. आरमारावर दौलतखान होता. दफ्तरात काझी हैदर होता. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे, आणि मेलेल्या शत्रूस महाराजांनी रीतीने माती देवविली असे परंपरा सांगते. म्हणून मिरवणूक शेजाऱ्याच्या दारापुढे मुद्दाम थांबवून त्याचे मन दुखविण्यासाठी वाद्ये वाजविणे, हे त्या राजाचे स्मरण नव्हे. आमच्या लोकांपैकी कित्येकांचे पूर्वज त्या घेऱ्यांत पहाऱ्यावर असतील. परंतु त्याचा आपणही गर्व करू नये. पूर्वजाने पहारा केला, त्याचे श्रेय पूर्वजास. आपण आज कशावर पहारा करीत आहो, हा आपला प्रश्न आहे.

कोणी बंधु असेही म्हणतील की, तो तरवारीचा राजा होता आणि आपण शांतीच्या राजाचे लोक; आपणास त्याच्याशी काय कर्तव्य? ह्याचे उत्तर असे. दाविदाने पुष्कळ रक्त सांडिले म्हणून त्याला मंदिर बांधू दिले नाही, तरी त्याचे नाव शास्त्रातून पुसले नाही. युद्ध पवित्र आहे असे न म्हणताही न्यायाबद्दल कृतज्ञ होता येते. नगर जिंकणाऱ्यापेक्षा आपल्या मनास जिंकणारा श्रेष्ठ, अशी शलमोनाची शिकवण आहे; आणि ज्याने नगरेही जिंकिली व आपल्या शिपायांचा हातही आवरिला, त्याकडून शिकण्यास आपणास लाज कशाची? ज्याला मान देणे योग्य त्याला मान द्यावा, असे प्रेषित पौलानेही शिकविले आहे.

यास्तव आमचा सल्ला असा. जयंतीच्या दिवशी गावाबरोबर उभे राहावे. चौक झाडावयाचा असेल तर आपल्या तरुणांनी खराटा घेऊन पुढे व्हावे. मिरवणुकीतील तहानलेल्यांस पाणी द्यावे. मुलांनी पोवाडा व इतिहास शिकावा. तसबिरीची आरती होईल तेव्हा आपण ती करू नये, आणि का करीत नाही हे विचारणाऱ्यास सौम्यपणे सांगावे: मान देतो, पूजा एका देवाचीच करितो. वर्गणी खुशीने, ऐपतीप्रमाणे द्यावी. परंतु कोणा विधवेपासून वा मजुरापासून ती दरडावून घेतली जात असेल, तर तेथे गप्प बसू नये. ज्याने भाजीचा देठ घेऊ दिला नाही, त्याच्याच नावाने गरिबाच्या घरातील मीठमिरचीचे पैसे नेणे, ह्याहून मोठा त्याचा अपमान कोणता? असे बोलण्यास धैर्य लागेल, आणि कदाचित त्याबद्दल चार शब्द ऐकूनही घ्यावे लागतील. स्मरणाची खरी किंमत तेथे पडते.

दिवाळीत आमच्या गावांतील मुले अंगणात मातीचे किल्ले करितात. दगड रचितात, चिखल लिंपितात, मोहरी व हळीव पेरून रान उगवितात, आणि वरती मातीच्या राजास बसवितात. सण सरला की तो किल्ला विरघळून जातो. मुलांस त्याचे दुःख नसते. पुढल्या वर्षी ती पुन्हा आपल्या हातांनी बांधितात. दर पिढीने आपल्या हातांनी पुन्हा करावे असेच हे स्मरण आहे.

वाचकहो, आपणांपैकी कोणी राजा नाही. परंतु अगदी सत्ताहीन असाही कोणी नाही. शेतकऱ्याची सत्ता मजूर बाईच्या रोजावर आहे. ज्याच्या बांधावरून पाणी जाते त्याची खालच्या शेतकऱ्याच्या पिकावर आहे. सासूची सुनेवर आहे, मास्तराची मुलावर, खजिनदाराची मंडळीच्या पेटीवर, आणि उपदेशकाची साध्या माणसाच्या विश्वासावर. ह्या प्रत्येक ठिकाणी कोणा दुबळ्याच्या हातात भाजीचा एक देठ असतो. तो आपण मागितला तर त्याला नाही म्हणता येत नाही. तेथे आपला हात आपण मागे घ्यावा. कोणी पाहत नसता घ्यावा. असे करणाऱ्याच्या घरात तसबीर असो वा नसो, त्याने राजाचे स्मरण केले असे आम्ही समजू.